चष्मा न देणाऱ्या आत्या

अर्धा पूल ओलांडून झाला तरी आत्या तोंडातून शब्द काढेनात, तेव्हा बाईंचा धीर सुटला.

“वन्सं, अजून किती चालायचंय हो?”

“शाळा तुझी आणि वाट मला विचारतेस?” आत्या मागे न बघताच म्हणाल्या. “पोरीच्या दारातून निघून अर्धा तास झाला, पाऊण तास राहिला. पोरगी रोज चालते, कुरकुर करत नाही. मास्तरीणबाई मात्र दमल्या!”

“दमले कुठे? पोटात कावळे ओरडतायत. घोटभर चहा घेऊ दिला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?”

“तिला कोण देतं?”

पुलाच्या कठड्याला उभे लोखंडी गज होते आणि त्यांच्या फटीफटीतून कोवळं ऊन डोळ्यांवर येत होतं, जात होतं. चालण्याच्या वेगाबरोबर त्याची उघडझाप चाले. आत्यांनी हाताचा आडोसा धरला, पण डोळे मिटले नाहीत. जे बघायला आलो ते बघून घ्यायचं, असा त्यांचा एकूण स्वभाव.

आत्या म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. घरातल्या मुलांनी आत्या म्हणायला सुरुवात केली, मुलांचं ऐकून गल्लीनं, आणि गल्लीचं ऐकून गावानं. साठी उलटून दोन वर्षं झाली. बापाचं चष्म्याचं दुकान त्या पस्तीस वर्षं चालवतायत. लग्नाचं जमलं नाही, आणि त्याची खंत त्यांच्यापेक्षा नातेवाइकांनीच जास्त केली. दुकान अरुंद आणि आखूड. तपासायला पुरेसं अंतर मिळत नाही म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला, उलट्या अक्षरांचा, आणि तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. नवीन माणूस हमखास मान मागे वळवतो. “पुढं बघा, मागचं सगळं पुढंच दिसतं,” असं आत्या वर्षानुवर्षं सांगत आल्यात.

पण डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसाला त्या आरशासमोर बसवतच नाहीत. आधी दाराजवळच्या स्टुलावर. तिथं त्या समोर बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि विचारायला लागतात. कुठं दुखतं, बोटानं दाखव. ठणकतं की आवळतं? तेव्हा उजेड नकोसा होतो का? आवाज? मळमळतं? झोपून उठलं की बरं वाटतं? आईचं, आजीचं कुणाचं दुखायचं? लहानपणी गाडी लागायची? गोळी घेता का, कुठली, आणि आठवड्यात किती दिवस? असं पाऊण तास चालतं. बाहेर रांग लागली तरी बेहत्तर. आणि इतकं झाल्यावर मग डोळे तपासतात. एखाद्याला खरंच नंबर निघतो, त्याला त्या चष्मा देतात. बाकीच्यांना सांगतात, “तुम्हाला चष्मा नको. डॉक्टर हवा.”

“अशानं दुकान चालेल का?” धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, एकदा वैतागून म्हणाले होते.

“चष्मा हवा असलेल्याला मी कधी परत पाठवलंय का रे?” आत्यांनी विचारलं, आणि विषय तिथंच संपला.

याचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. अकराव्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं. एका बाजूचं, डोळ्याच्या वर, घण घातल्यासारखं. बापाच्या हातात काच होती, त्यानं लेकीला काच दिली. एक चष्मा केला, गुण आला नाही. दुसरा केला. तिसरा. चौथा तर इतका देखणा होता की शाळेतल्या मुली घालून बघायला मागत. बाप मायेचाच होता, पण डोकं दुखलं की डोळेच, यापलीकडे त्याची धाव नव्हती. एकोणिसाव्या वर्षी कुठल्याशा मोठ्या इस्पितळात एका वृद्ध डॉक्टरांनी पहिल्यांदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पोरी, ही अर्धशिशी. “आठ वर्षं डोकं दुखलं ते एक,” आत्या म्हणतात, “आणि चष्मा नीट लावत नाही म्हणून आठ वर्षं बोलणी खाल्ली ते दुसरं. पहिल्याला औषध मिळालं.”

चार गल्ल्या पलीकडचे डॉक्टर आत्यांपेक्षा वीस वर्षांनी लहान. ते उघड सांगतात की आत्यांनी पाठवलेला रोगी आला की माझं निम्मं काम झालेलं असतं. कारण रोग्याच्या हातात खिशातलं छोटं कॅलेंडर असतं. डोकं दुखलं त्या तारखेवर टिंब, गोळी घेतली त्या तारखेला गोल. छापखान्यातला एक माणूस असाच कॅलेंडर घेऊन परत आला, तर टिंबं अठ्ठावीस आणि गोलही अठ्ठावीस. रोज उठायचं, दुखेल या भीतीनं गोळी टाकायची, आणि रोज दुखायचंच. आत्या म्हणाल्या, “बाबा रे, तुझं डोकं आता गोळीनंच दुखतंय.” डॉक्टरांनी ती बंद करून दुसरं औषध दिलं. पहिले पंधरा दिवस दुखणं दुप्पट झालं. माणूस दुकानाच्या दारात उभा राहून आत्यांचा उद्धार करायचा. आत्या ऐकून घ्यायच्या आणि पाणी पुढं करायच्या. चौथ्या आठवड्यात तो आला, स्टुलावर बसला, दोन महिन्यांनी पहिल्यांदा छापखान्याच्या आवाजात जेवलो म्हणाला आणि गेला.

काही प्रश्न मात्र त्या हसत विचारत नाहीत. दुखण्यानं झोपेतून जाग येते का? सकाळी उठल्याउठल्या ओकारी? खोकलं की वाढतं? एकाचं दोन दिसतं? चालताना तोल जातो? यातल्या एकालाही ‘हो’ आलं की आत्या उठतात, दुकानाचं दार ओढून घेतात आणि त्या माणसाला हाताला धरून तडक डॉक्टरांकडे नेतात. असं दोनदा झालंय. एकदा वेळेवर पोचल्या, एकदा नाही. त्या दुसऱ्या वेळेबद्दल घरात कुणी विचारत नाही.

आता पूल संपून भिंत लागली. कुठल्याशा गोदामाची, लांबच लांब, वर पत्रा. पत्र्यावरचं ऊन सरळ डोळ्यांत.

“हे बघ,” आत्या म्हणाल्या. “पुलावर लुकलुक, इथं चकाकी. आणि पोटात काही नाही.”

“पण बस आहे ना वन्सं! शाळेची बस तिच्या दारावरून जाते.”

“बसमध्ये तिला ओकारी होते. दोनदा झाली. पोरं नाक धरून हसली, म्हणून ती चालत यायला लागली. तुला नव्हतं माहीत?”

बाईंना नव्हतं माहीत. चालत येते एवढं माहीत होतं. चालणं तब्येतीला चांगलं, असं त्यांनी तिचं कौतुकही केलं होतं एकदा.

मुलीला घरी बिट्टी म्हणत. वय दहा, पाचवीचा वर्ग, तिसरा बाक. गेले चार महिने तिसऱ्या तासाला तिचं डोकं दुखायचं. तिसरा तास गणिताचा. कपाळ धरायची, बाकावर डोकं टेकायची, कधी धावत बाहेर जाऊन ओकायची. मग कोपऱ्यातल्या सतरंजीवर झोपायची आणि तासाभरानं, मधल्या सुट्टीत, उठली की दोरीवरच्या उड्या! बाईंची वीस वर्षांची नोकरी. अशी पोरं त्यांनी पाहिलेली होती. एकदा त्यांनी वर्गासमोर म्हटलं, “यंदाचं अभिनयाचं बक्षीस हिलाच देऊ या.” वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मुलं तिला ‘नाटकी’ म्हणायला लागली. मग बिट्टी कपाळ धरेनाशी झाली. एके दिवशी ती थेट दप्तरातच ओकली. आणि नंतर शाळेला दांड्या.

तिचा बाप शिवणकाम करणारा, आई पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला. गेल्या गुरुवारी बाप लेकीला घेऊन आत्यांच्या दुकानात आला आणि म्हणाला, “हिला चष्मा द्या. बाई म्हणतात नाटक करते, मी म्हणतो डोळे असतील. दोन्हीतलं एक खरं असणार.”

“आणि दोन्ही खोटी असली तर?” आत्या म्हणाल्या, आणि स्टूल पुढं केलं.

नंबर शून्य निघाला. आत्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून आतपर्यंत बघितलं, मान वाकवून बघितली, रेघेवरून चालायला लावलं, आजीचं विचारलं. आजी म्हणे अंधारात डोक्याला फडकं बांधून पडायची आणि घरात कुणी भांडं वाजवलं तर शिव्या द्यायची. निदान झालं. पण बापाला ते पटेना. शाळेतून चिठ्ठी आली होती: गैरहजेरी फार, मुख्याध्यापिकांनी सोमवारी बोलावलंय, वर्गशिक्षिकेचा शेरा बघून ठरवू. शेऱ्यात ‘बहाणे करते’ असं आलं तर पोरीला लांब मावशीकडे ठेवायचं, तिथल्या शाळेत घालायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. सोमवारची भेट होईपर्यंत तिला घरीच ठेवली होती. मावशी कडक. चार दिवसांत सरळ करील, म्हणाला.

तो सोमवार आजचा. आणि तो शेरा लिहून तयार, बाईंच्या पिशवीत.

“तुला एक विचारू?” बाई भिंतीच्या सावलीला सरकत म्हणाल्या, रागात आल्या की त्यांचं ‘तुम्ही’ सुटायचं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. “तुम्हाला विचारते. अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं. तुमचं अर्धं दुखतं. ती तर सगळं कपाळ धरते!”

“मुलांचं पुष्कळदा सगळं कपाळच दुखतं. नावावर जाऊ नकोस.”

“आणि तासाभरात उड्या मारते, ते?”

“मुलांची कळ लवकर संपते. झोप लागली की गेली. मी दिवसदिवस पडून असते, ती तासाभरात उठते. उठल्यावर तिनं काय करावं, तुझं समाधान व्हावं म्हणून कण्हत बसावं?”

“गणितालाच कसं बरोबर दुखतं?”

“सकाळी सहाला उठते. आई गेलेली. खात नाही. सव्वा तास उन्हात चालते. पाणी पीत नाही. शाळेत तर थेंबभर नाही.”

“पाणी का नाही? शाळेत पाण्याची टाकी आहे.”

“मुलींच्या संडासाची कडी तुटलीय. एकीला बाहेर राखणीला ठेवावं लागतं, आणि नाटकीची राखण करायला कोण थांबणार? म्हणून ती पीतच नाही.” आत्या चालता चालता थांबल्या. “काडी काडी जमते गं. एकीनं काही पेटत नाही. तिसऱ्या तासापर्यंत मोळी होते. तिथं गणित असलं काय नि चित्रकला असली काय. सगळं नीट केलं तरी दुखायचं ते अधूनमधून दुखणारच, आजीकडून आलंय ते. पण कमी होईल.”

त्या कडीचं बाईंना माहीत होतं. दोन महिने माहीत होतं. शिपायाला सांगायचं रोज राहून जात होतं.

बाईंचा एक नेम होता. रोज सकाळी घरातून निघताना देवापुढं उभं राहून त्या एकच मागत: माझ्या हातून आज कुणाचं वाईट होऊ देऊ नको. हात जोडून मागत, मनापासून मागत. आता गोदामाच्या भिंतीकडेनं चालताना त्यांच्या मनात आलं की हाताचं मागितलं, तोंडाचं मागायचं राहिलं. लगेच त्यांना स्वतःचाच राग आला आणि तो त्यांनी वन्संवर काढला.

“सगळ्या वर्गाची काळजी घ्यायची असते हो मला. पंचेचाळीस पोरं आहेत. तुमच्यासारखं एकेकाला स्टुलावर बसवून पाऊण तास देता येत नाही.”

आत्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंना वाटलं, लागलं वाटतं. मग पाहिलं तर आत्या जांभई देत होत्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

“रात्री झोपला नाहीत का?”

“झोपले की.” पुढं काही म्हणणार होत्या, पण शब्द सापडेना. पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ते दे. ते… पाण्याचं. काय म्हणतात त्याला…”

“बाटली?”

“हां. बाटली.”

आज पाणी प्यायचं नाही हा नेम आत्यांनीच घातला होता आणि आता त्यांनीच तो मोडला. खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, आणि मग भिंतीला हात लावून लावून चालायला लागल्या. शाळेचं फाटक दिसायला लागलं तेव्हा त्यांचा चेहरा बाईंनी नीट पाहिला. एरवीच्या तांबूस चेहऱ्याचं रक्त कुणी काढून घेतल्यासारखं झालं होतं. ओठांभोवती राखेसारखा रंग, डोळ्यांखाली तर त्याहून काळपट. लग्न होऊन बाईंना बावीस वर्षं झाली, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दुखायला लागलं की वन्सं दुकानावर ‘दोन तासांनी या’ अशी पाटी लावून आत निघून जात. दार लावून घेत. बाई मनात म्हणत, आहे एकेकाचा तोरा.

पण हा रंग त्यांनी पाहिला होता. तिसऱ्या बाकावर, तिसऱ्या तासाला, चार महिने. ओठांभोवतीची तीच राख. कुणी कितीही नाटकी असो, हा रंग कुणाला तोंडावर आणता येत नाही, हे आता त्यांच्या ध्यानात आलं.

फाटकाच्या आत झाडाखाली सिमेंटचा बाक होता. बाईंनी आत्यांना तिथं बसवलं, उन्हाकडे पाठ करून. पदर ओला करून कपाळावर धरला. मुलं यायला लागली होती. दोघीतिघी ‘नमस्कार बाई’ म्हणून गेल्या, त्यांना बाईंनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

“हे असं होणार हे तुम्हाला माहीत होतं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

“होईल असं वाटलं होतं. नक्की नव्हतं.”

“मग चाललात कशाला? मला तोंडी सांगायचं.”

“वाट बघायची होती. दुसऱ्यानं सांगितलेल्या वाटेवर माझा भरवसा नसतो.” डोळे मिटूनच आत्या किंचित हसल्या. “आणि तोंडी तुला कुणी काही सांगितलंय का आजवर?”

बाईंनी पिशवीतून शेऱ्याचा कागद काढला. त्यांचं अक्षर सुंदर. ‘बहाणे करण्याची सवय’ हे शब्दही कसे मोत्यासारखे उमटले होते. त्यांनी कागदाची चौघडी केली, मग फाडायला घेतला.

“हा बदलून लिहिते. डॉक्टरांची चिठ्ठी जोडते. मुख्याध्यापिकांशी मी बोलते, तिच्या बापाशीही बोलते. मावशीकडे नाही जाणार ती.”

“ते तू करशीलच. तुला अक्कल आहे.”

“शिपायाला आत्ताच्या आत्ता कडी बसवायला सांगते. मधल्या सुट्टीच्या आधी तिला काहीतरी खायला देईन. औषध माझ्या कपाटात ठेवीन.”

“ठेव. पण त्यानं भागायचं नाही.”

“अजून काय राहिलं?”

आत्यांनी बाईंचा हात चाचपून धरला. आवाज इतका खाली होता की बाईंना वाकावं लागलं.

“ऐक. डॉक्टरनं दिलेलं औषध पहिल्या कळेलाच घ्यावं लागतं. उशीर झाला, ओकाऱ्या लागल्या, की ते पोटात ठरत नाही. आणि पहिल्या कळेला बघणाऱ्याला काही दिसत नसतं गं. चेहरा नंतर पडतो. तेव्हा फक्त तिचा शब्द असतो. तिनं हात वर करून म्हणायचं, बाई, डोकं दुखायला लागलं. आणि पंचेचाळीस पोरं हसणार. कोण करेल हात वर? मी नसता केला. ती दात आवळून बसेल, उशीर करेल, आणि औषध असून नसल्यासारखं होईल.” कुणी लांबून सायकलची घंटी वाजवली तशी त्यांची मान आत ओढली गेली. “म्हणून एक मागते. ती वर्गात आली की पहिल्याच तासाला, सगळ्यांसमोर उभी राहून सांग, हिचं डोकं खरंच दुखतं, हिला नाटकी म्हणाले ती माझी चूक झाली. तिला कोपऱ्यात नेऊन सांगू नकोस, सगळ्यांसमोर सांग. लांबण लावू नकोस. रडू नकोस. तिला जवळबिवळ घेऊ नकोस, पोरं त्याचीही नक्कल करतील. एवढी दोन वाक्यं बोल आणि लगेच फळ्याकडे वळून शिकवायला लाग. करशील एवढं?”